गाणं थांबतं तेव्हा

रात्र. ऊस. उसाच्या आत कुठेतरी मोबाईलवर मोठ्याने गाणं लागलंय, आणि त्या गाण्यासोबत बॅटरीचा एक उजेड सरीसरीने पुढे सरकतोय. माणूस दिसत नाही. दिसतात ती फक्त पाती, उजेडात क्षणभर हिरवी होऊन पुन्हा काळी पडणारी. मिनिटभर एवढंच. मग गाणं मध्येच थांबतं. उजेडही थांबतो. पडदा काळा.

हा एका थ्रिलरच्या सुरुवातीचा कच्चा तुकडा आहे. थ्रिलर अजून झालेला नाही, बहुधा होणारही नाही. माझा मामेभाऊ नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये एक स्पर्धा होती: पूर्ण फिल्म करायची नाही, फक्त सुरुवात करायची, दोन मिनिटांची. जागा त्याने घरचीच निवडली, सायखेडा. निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी, नदीपलीकडे चांदोरी. पावसाळ्यात पूर आला की टीव्हीवर या दोन गावांची नावं येतात. एरवी इथे कांद्याचे लिलाव, द्राक्षं, ऊस आणि भाजीपाला. मी पुण्याहून दोन शनिवार-रविवार मदतीला गेलो. माझं योगदान म्हणजे एक ट्रायपॉड, एक गूगल फॉर्म आणि न मागितलेली मतं.

हा लेख त्या दोन मिनिटांची समीक्षा आहे. इतक्या छोट्या गोष्टीची समीक्षा कशाला, असं वाटेल. पण थ्रिलरच्या सुरुवातीबद्दलचे बहुतेक प्रश्न या तुकड्यात उघडे पडले, आणि त्यातल्या एकाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

फॉर्म काय सांगतो

पहिली स्क्रिप्ट वेगळीच होती. बंद गोडाऊन, हलणारा बल्ब, हूडी घातलेला माणूस, खुर्चीला बांधलेला दुसरा माणूस. ती का निवडली, असं विचारल्यावर मामेभावाने मला फॉर्मची उत्तरं दाखवली. ‘थ्रिलरमध्ये तुम्हाला काय आवडतं?’, ‘कोणतं लोकेशन भीतीदायक वाटतं?’, ‘प्रकाश कसा असावा?’ वर्गातल्या पोरापोरींनी मन लावून उत्तरं दिली होती: अंधार, रिकामी इमारत, सस्पेन्स म्युझिक, शेवटी ट्विस्ट.

यात पोरांची काही चूक नाही. प्रश्नच असे होते की त्यांनी आधी पाहिलेल्या सिनेमांची यादी बाहेर यावी. माझ्या कामात हे रोज दिसतं. वापरणाऱ्याला ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारलं की तो दुसऱ्या कुठल्यातरी ॲपमध्ये पाहिलेलं बटण मागतो. त्याला खरंच काय हवंय, हे तो स्क्रीनवर कुठे अडखळतो ते शेजारी गप्प बसून पाहिलं तरच कळतं.

आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात अशाच एका दाखवण्यातून झाली, आणि तो माणूस याच जिल्ह्यातला. दादासाहेब फाळक्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्याआधी त्यांना भांडवल हवं होतं. त्यांनी पैसेवाल्यांना ‘तुम्हाला कसा सिनेमा आवडेल?’ असं विचारलं नाही. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपून चित्रित केली आणि ती लोकांना दाखवली. बियाणं डोळ्यांदेखत झाड होताना पाहिल्यावर माणसांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हा त्यांचा फॉर्म होता.

म्हणून आम्ही पहिली गोष्ट केली ती फॉर्म बंद करण्याची. आधी तुकडा शूट करायचा, मग दाखवायचा, आणि दाखवून झाल्यावर ‘आवडलं का?’ विचारायचं नाही. तीनच प्रश्न: काय चाललंय असं वाटलं? कधी वाटलं? पुढे काय होईल?

गोडाऊनमधून उसात

उसाची कल्पना मामाकडून आली, तीही नकळत. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. मामा जेवण करून पाणी भरायला निघाला. डोक्याला मफलर, हातात बॅटरी आणि काठी, आणि शर्टाच्या खिशात मोबाईल. मोबाईलवर गाणी फुल आवाजात. मामा गाण्यांचा शौकीन नाही. गाणी बिबट्यासाठी.

गोदाकाठच्या उसात बिबटे आहेत, आणि हे आता कुणाला नवल वाटत नाही. उंच, दाट, पाण्याजवळचा ऊस बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला सोयीचा. आसपास कुत्री, शेळ्या, वासरं. विद्या अत्रेय यांनी अकोले परिसरात केलेल्या अभ्यासातून हे ठळकपणे पुढे आलं की बिबटे शेतात चुकून येत नाहीत. ते तिथेच, माणसांच्या अगदी शेजारी राहतात. वनखात्याचा सल्लाही हाच: रात्री एकटं जाऊ नका, हातात उजेड ठेवा, आवाज करत चला. बिबट्याला माणूस येतोय हे आधी कळलं तर तो सहसा स्वतःच बाजूला होतो.

म्हणजे रोज रात्री, गोडाऊन आणि हूडी यांच्याशिवाय, या गावात एक थ्रिलर चालू असतो. त्याला प्रकाशयोजना आहे, पार्श्वसंगीत आहे, आणि प्रत्येक गोष्टीला कारण आहे. मामेभावाला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच ते कधी दिसलं नव्हतं.

उजेडाची तालीम

पहिल्या रात्री आम्ही लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका ओळखीच्याकडून दोन एलईडी पॅनल आणले. बांधावर स्टँड लावून ऊस उजळला. तो थेट वरातीसारखा दिसला. शिवाय प्रश्न पडला, की हा उजेड येतोय कुठून? शेतात रात्री पांढरा, सपाट, वरून येणारा उजेड नसतोच. प्रेक्षक हे बोलून दाखवत नाही, पण त्याला खोटं वाटतं.

दुसरा प्रयोग सूर्यास्तानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांचा. आकाश निळं, ऊस काळा. फ्रेम इतकी सुंदर की तीच अडचण झाली. पर्यटनाच्या जाहिरातीसारखी. ‘जॉज’ (१९७५) या सिनेमाची सुरुवात आठवा: रात्री समुद्रात पोहायला गेलेली मुलगी. तो प्रसंग दिवसाउजेडी शूट करून रात्रीचा केलेला आहे. पण तिथे क्षितिज दिसायला हवं होतं, कारण पाण्याचं मोकळेपण हीच भीती. उसात उलटं आहे. दोन हातांपलीकडचं काही दिसत नाही, हीच भीती. त्यामुळे आमच्या कामाला आकाश नको होतं.

तिसऱ्या वेळी मामाचीच बॅटरी वापरली. फोनने लगेच घोळ घातला. अंधार दिसला की फोनचा कॅमेरा आपल्या परीने उजेड वाढवतो, त्यामुळे रात्र राखाडी आणि दाणेदार झाली, आणि बॅटरी फ्रेममध्ये आली की सगळं एकदम काळं. एक्स्पोजर हाताने लॉक केलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. घराच्या, मोटरीच्या खोलीच्या दिव्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, म्हणून शटर १/५० वर ठेवलं, नाहीतर फ्रेममध्ये पट्टे सरकतात. इथवर सगळं यूट्यूबवर शिकता येतं.

जे यूट्यूबवर नव्हतं ते मामाने चालता चालता दाखवलं. तो बॅटरी समोर धरत नाही. पायाखाली धरतो. सरीत पाणी कुठवर आलंय ते त्याला बघायचं असतं, आणि साप. बॅटरी खाली वळली, सरीतल्या पाण्यावर उजेड पडला आणि पाण्याने तो वर फेकला. पाती खालून उजळली, थरथरत्या उजेडाने, कारण पाणी वाहत होतं. मामाची हनुवटी आणि नाकपुड्या दिसल्या, डोळे नाही. प्रकाश थेट न टाकता कशावर तरी आपटून आणायचा, हे सुब्रत मित्रांनी ‘अपराजितो’साठी (१९५६) कापडाने केलं होतं. आमच्याकडे पंपाचं पाणी होतं. थर्माकोलची शीट आम्ही गाडीतच राहू दिली.

या तालमींचं मला जे महत्त्व वाटतं ते एवढंच. प्रकाशाची चाचणी म्हणजे ‘मूड’ शोधणं नाही. या ठिकाणी, या वेळी, या माणसाच्या हातात कोणता उजेड असतो आणि तो का असतो, हे शोधणं आहे. कारण सापडलं की मूड मागोमाग येतो.

फाळक्यांची मंडळी ‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रण करायला मुंबईजवळच्या वांगणीला गेली, तेव्हा हातात तलवारी पाहून गावकऱ्यांना ती दरोडेखोर वाटली आणि प्रकरण पोलीसपाटलापर्यंत गेलं, असं सांगतात. आम्हालाही रात्री दोनदा शेजारच्या मळ्यातून हाक आली, “कोण आहे रे तिकडं?” मामाने नाव सांगितलं तेव्हा कुठे कुत्री शांत झाली.

दोन गट, दोन सिनेमे

तुकडा तयार झाल्यावर मामेभावाने तो दोन ठिकाणी दाखवला. एकदा नाशिकला हॉस्टेलमध्ये, वर्गमित्रांना. एकदा सायखेड्यात, घराच्या पडवीत, भाऊबंदांना आणि शेजारच्यांना. तेच तीन प्रश्न.

हॉस्टेलमध्ये बहुतेकांना वाटलं की कुणीतरी मजेत, कदाचित पिऊन, गाणी ऐकत चाललाय. एकाला वाटलं चोर. गाणं थांबलं तेव्हा ते सावरून बसले. म्हणजे सव्वा मिनिटाच्या तुकड्यात त्यांची भीती शेवटच्या पाच सेकंदांत सुरू झाली. काहींनी सांगितलंही की आधीचा भाग लांबलाय, कापा.

पडवीत पहिल्या सेकंदालाच शांतता झाली. गाणं ऐकू आलं आणि ऊस दिसला, बस. कुणी “पाणी भरतोय” म्हणालं, कुणी नुसतं “एकटाच हे” म्हणालं. त्यांच्यासाठी भीती सुरुवातीपासून होती आणि सव्वा मिनिट वाढत गेली. कुणालाही लांबल्यासारखं वाटलं नाही.

टेबलाखालच्या बॉम्बचं हिचकॉकचं उदाहरण सिनेमाच्या प्रत्येक वर्गात सांगतात. दोघे गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवल्याचं प्रेक्षकाला आधी दाखवलं, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा असह्य होतात. पहिलं आश्चर्य, दुसरा सस्पेन्स. हे उदाहरण ऐकताना आपण धरून चालतो की बॉम्बची माहिती देणं वा न देणं दिग्दर्शकाच्या हातात आहे. सायखेड्याच्या पडवीत तसं नव्हतं. तिथले प्रेक्षक बॉम्ब घरून घेऊन आले होते. तीच फ्रेम, तोच उजेड, तेच गाणं. हॉस्टेलमध्ये आश्चर्य, पडवीत सस्पेन्स.

प्रेक्षकांच्या चाचणीने आम्हाला काय दिलं, तर हे. सिनेमा ‘चालतो की नाही’ याचं उत्तर नाही. कोण काय घेऊन येतं, याचं.

यानंतर मी दोन सिनेमांच्या सुरुवाती पुन्हा पाहिल्या. दोन्ही २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या, एका आठवड्याच्या अंतराने आलेल्या. दोघांचेही दिग्दर्शक या मातीशी जोडलेले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ कोबीच्या शेतात सुरू होतो. ससा, बंदूक घेतलेला माणूस, पाठलाग, गोळी. मग कथा पुण्यात शिरते आणि आपण सशाला विसरतो. शेवटी कळतं तो तिथे का होता (सिनेमा पाहिला नसेल तर इथे थांबतो). ही सुरुवात जगातल्या सगळ्या प्रेक्षकांना सारखंच अंधारात ठेवते. कोबी पिकवणाऱ्यालाही तिथे जास्तीचं काही कळत नाही.

आठवड्याभराने आलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ बरोबर उलटं करतो. तो सुरुवातीलाच हस्तरची सगळी दंतकथा सांगून टाकतो. नियम काय, शाप काय, नावाची भीती काय. त्यामुळे वाड्यातल्या म्हातारीपुढे कंदिलाच्या उजेडात ते नाव उच्चारलं जातं तेव्हा आपल्याला सगळं माहीत असतं. बॉम्ब दाखवला, मग गप्पा सुरू केल्या. पंकज कुमार यांचं छायाचित्रण पाऊस आणि दिव्यांच्या उजेडावर टेकलेलं आहे, कारण त्या काळात, त्या वाड्यात तेवढाच उजेड असणार. पण तिथेही बॉम्ब सिनेमाने स्वतः बनवलेला आहे. हस्तर कुणाच्या घरी नाही. पुण्यातला, कोकणातला, कोरियातला प्रेक्षक सारखीच माहिती घेऊन पुढे जातो.

मामेभावाचा तुकडा या दोन्हींत बसत नाही. तो काही लपवत नाही आणि काही सांगतही नाही. जे आहे ते ठेवतो आणि प्रेक्षक आपोआप दोन भागांत वाटले जातात. सुरुवातीला मला ही त्रुटी वाटली. मी त्याला सुचवलं की आधी एक शॉट टाक: झाडाला बांधलेला वनखात्याचा सावधानतेचा फलक, त्यावर बॅटरीचा उजेड. हॉस्टेललाही बॉम्ब कळेल. तो म्हणाला, “दादा, आमच्याकडं रोज कोण बोर्ड वाचून रानात जातं?”

त्याचं बरोबर होतं. फलक टाकला असता तर हॉस्टेलला सस्पेन्स मिळाला असता आणि पडवीसाठी तो तुकडा बाहेरून आलेल्या माणसाने काढलेला झाला असता.

मामी उठून गेली

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

पडवीत तुकडा दाखवला तेव्हा मामी चहाचे कप गोळा करत उभ्यानेच बघत होती. गाणं थांबलं, पडदा काळा झाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामी आत निघून गेली. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिने दिली नाहीत. रात्री भांडी घासताना मामेभाऊ मागे लागला तेव्हा एवढंच म्हणाली, “तुमचं झालं की तुम्ही मोबाईल ठेवून झोपता. मी रोज त्या गाण्यावर झोपते. गाणं ऐकू येतंय तोवर तो आहे. ते मधी बंद पडलं की माझ्या काळजात काय होतं, ते टाळ्या घ्यायला वापरू नका.”

कधीकधी गाणं बंद पडतं ते फक्त फोन आला म्हणून. कधी चार्जिंग संपतं म्हणून. ती ओसरीवर येऊन उभी राहते. मग हाक मारते.

सिनेमात प्रेक्षक-चाचणीच्या गोष्टी बहुतेक विजयाच्या म्हणून सांगतात. ‘जॉज’च्या चाचणी-खेळानंतर स्पीलबर्गला आणखी एक किंकाळी हवीशी वाटली, म्हणून बुडालेल्या बोटीतून मुंडकं बाहेर येतं तो शॉट संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या स्विमिंग पूलमध्ये नव्याने घेतला. ‘फेटल अट्रॅक्शन’चा (१९८७) शेवट चाचणीतल्या प्रेक्षकांना पटला नाही म्हणून बदलला आणि सिनेमा तुफान चालला. चाचणीने विचारलं, ‘किती किंचाळले?’ कोण उठून गेलं आणि का, हे त्या गोष्टींत क्वचित येतं. ‘जॉज’ पाहणाऱ्या बहुतेकांना दुसऱ्या दिवशी समुद्रावर पोट भरायला जायचं नव्हतं.

मग बिबट्याच्या भीतीवर सिनेमाच काढायचा नाही का? मराठीत बिबट्यावर सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ (२०१४) येऊन गेला. माळशेजच्या बाजूने मुंबईच्या दिशेने चालत गेलेल्या एका खऱ्या बिबट्याची ती गोष्ट. तो प्राण्याच्या बाजूने पाहतो, आणि ते हवंच होतं. पण पाणी भरणाऱ्याच्या आणि ओसरीवर थांबलेल्या बाईच्या बाजूने पाहणारा सिनेमाही हवा. भीती दाखवण्याला माझा विरोध नाही. मामीचाही नव्हता, असं मला नंतर लक्षात आलं. तिचा आक्षेप एका विशिष्ट कटला होता: गाणं तोडून पडदा काळा करण्याला. तो कट तिची भीती घेतो आणि तिला ओसरीवर उभं ठेवून निघून जातो.

याला मी समीक्षेतला नेमका शेरा म्हणेन. आमच्यापैकी कुणालाही तो सुचला नव्हता.

शेवटची पंचेचाळीस सेकंदं

मामेभावाने दोन आवृत्त्या केल्या. पहिलीत जुनाच कट. दुसरीत गाणं थांबतं, पण पडदा काळा होत नाही. कॅमेरा उसातून निघून घराच्या ओसरीवर येतो. दारातला पिवळा बल्ब, त्याखाली एक बाई, पाठमोरी. समोर अंधार. ती ऐकतेय. पंचेचाळीस सेकंद, एक शॉट. रातकिडे, पंपाची दूरची घरघर. ती हाक मारायला श्वास घेते आणि तिथे नाव येतं.

हॉस्टेलमध्ये पहिली आवृत्ती सरळ जिंकली. दुसरी ‘स्लो’ ठरली, पण एक फरक झाला. ती पाहिल्यावर त्यांना गाण्याचा अर्थ मागे जाऊन कळला. फलक न लावता. एकाने पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

माझ्या मते दुसरी आवृत्ती चांगली आहे, आणि केवळ भल्या मनाची आहे म्हणून नाही. पहिली एका सेकंदाचा धक्का देते आणि संपते. दुसरीत बॉम्ब तसाच राहतो, फक्त आपण टेबलाशी कुणासोबत बसलोय ते कळतं. तिच्यातही दोष आहे. ओसरीचा बल्ब जरा जास्त सुंदर दिसतो, आणि पाठमोरी बाई ही आता लघुपटांची सवय झाली आहे. मामीने स्वतः उभं राहायला नकार दिला. शेजारच्या काकू उभ्या राहिल्या. त्यामुळे त्या शॉटमध्ये थोडं नाटक आहे. खरी बाई इतकी स्थिर उभी राहत नाही. ती चप्पल शोधते.

स्पर्धेला कोणती आवृत्ती पाठवली? पहिली. नियमांत दोन मिनिटं होती आणि परीक्षकांचं लक्ष पहिल्या मिनिटावर असतं, असं त्याच्या टीमने मतदान करून ठरवलं. तो एकटा विरोधात होता, आणि मतदान हरला.

मामीला दुसरी आवृत्ती दाखवली. तिने ती पूर्ण पाहिली. काही बोलली नाही. फक्त शेवटी, बाई श्वास घेते तिथे तुकडा संपला, तेव्हा म्हणाली, “हाक मारू द्यायची होती रे तिला.”